माळकऱ्याचा तोल

प्रश्न : आमचे मालक ५४ वर्षांचे. १९ वर्षांपासून फीटची गोळी चालू आहे, फेनिटॉइन १००, रोज तीन. दिवाळीत झोपेत एकदा फीट आली म्हणून डॉक्टरांनी चार केल्या. महिनाभरात चालताना झोक जायला लागला. चौकटीला खांदा धडकतो, जीभ जड झाली, एकाचे दोन दिसायलेत म्हणतात. गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी चुकवत नाहीत, आणि गावात लोक म्हणायलेत, माळकरी प्यायला लागला. हिरड्या सुजल्यात, तळपायाला मुंग्या येतात. गोळी बंदच करून टाकावी का? आणि लोकांना काय सांगू?
– एक भगिनी, गंगाखेड तालुका

उत्तर : ताई, गोळी एकदम बंद करायची नाही. १९ वर्षांची गोळी अचानक तोडली की फीटवर फीट येत राहते, मधे शुद्धही येत नाही, आणि माणूस हातचा जातो. चौथी गोळीही मनानं कमी करू नका. मात्र पुढच्या तारखेची वाटही पाहू नका. उद्या-परवाच डॉक्टर गाठा.

मालक पीत नाहीत, हे मी इथं बसून मानतो. तोल सांभाळणारा लहान मेंदू डोक्याच्या मागच्या बाजूला असतो. दारू त्याला जशी बधिर करते, तसंच रक्तात वाढलेलं फेनिटॉइनही करतं. मी नवीन डॉक्टर असताना रात्रपाळीला असाच झोकांड्या खाणारा एक जण आणला होता. मी आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला. डोळ्यांसमोर बोट डावी-उजवीकडे फिरवलं ते बऱ्याच वेळानं, तेव्हा बुबुळं झटके देत हलताना दिसली. गोळ्यांची पट्टी त्याच्या सदऱ्याच्या खिशातच होती. तुमच्या गावाला मी कोणत्या तोंडानं नावं ठेवू?

एका गोळीनं एवढं कसं झालं? सोयाबीनच्या दिवसांतला मोंढा आठवा. काटा एकच, दिवसाला ठरावीक गाड्या मोजणार. तेवढ्याच आल्या तर रांग नाही. चार जास्त आल्या की रोजची शिल्लक दुसऱ्या दिवशी आणि रांग रस्त्यावर. यकृत फेनिटॉइन असंच निपटतं. ३०० चे ४०० केले की रक्तातली पातळी तिसऱ्या हिश्श्यानं नाही, दुपटीनंसुद्धा वाढू शकते, तीही हळूहळू. म्हणून त्रास महिनाभरात दिसला. सकाळची गोळी घेण्याआधी रक्त देऊन पातळी तपासा. साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम ठीक; २० च्या वर डोळे हलतात, ३० च्या वर तोल जातो. मधल्या काळात टीबीची गोळी सुरू झाली असेल तर तेही सांगा. त्यातल्या आयसोनियाझिडनंही फेनिटॉइन साचतं.

डोस वेळेत कमी झाला तर चाल बहुधा सुधारते. पण वर्षानुवर्षं पातळी चढलेली राहिली तर लहान मेंदू आकसतो, आणि मग गेलेला तोल पूर्ण परत येत नाही. माझी घाई त्यासाठी आहे.

हिरड्या या औषधानं बऱ्याच जणांच्या वाढतात; ब्रश नीट करा, दात दाखवा. मुंग्यांचं खापर मात्र लगेच गोळीवर फोडू नका. ती शक्यता आहे, पण साखर, बी-१२ आणि फोलिक ॲसिड पाहिल्याशिवाय नाही. ड जीवनसत्त्वही तपासा. या औषधानं हाडं विरळ होतात, आणि मालक सध्या पडण्याच्या बेतात आहेत.

फेनिटॉइनला मी शिव्या घालणार नाही. १९३८ पासून ते फीट थांबवतंय, आणि स्वस्तात. औषध बदलायचं ठरलंच तर नवं चढवत जुनं उतरवायचं, त्याला काही आठवडे लागतात. नव्याचेही नखरे असतात : व्हाल्प्रोएटनं हात थरथरतात, लेव्हेटिरासिटामनं काहींची चिडचिड वाढते.

तोवर मोटारसायकलची किल्ली तुमच्याकडे ठेवा. विहिरीवर, फवारणीला एकट्याला जाऊ देऊ नका. एकादशीला गोदावरीत बुडी नको, घरीच बादलीनं अंघोळ. पांडुरंग समजून घेईल.

लोकांना सांगायचं म्हणाल, तर पातळीच्या रिपोर्टची एक झेरॉक्स जास्तीची काढा. पारावर वाचायला पाठवा.