पोलादाचे कण बारीक असले तर गंज कमी चढतो का?

प्रश्न : आमच्या कारखान्यात दोन पुरवठादारांकडून ३०४ स्टेनलेस स्टीलचा पत्रा येतो. दोन्हींचे रासायनिक पृथक्करण जवळजवळ सारखेच आहे. मात्र चाचणी प्रमाणपत्रावर एकाचा ग्रेन साइज (कणांचा आकार) ५, तर दुसऱ्याचा ९ लिहिलेला असतो. गंजाच्या दृष्टीने यांपैकी कोणता घ्यावा? — एक वाचक, पिंपरी

उत्तर : एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या मोजणीत आकडा जितका मोठा तितका कण, म्हणजे धातूतला सूक्ष्म स्फटिक, लहान असतो. आकडा एकाने वाढला की १०० पट वर्धनाखाली एका चौरस इंचात दिसणारे कण दुप्पट होतात. म्हणजे आपल्या पहिल्या पत्र्यात ते १६ आणि दुसऱ्यात २५६ दिसतील. दुसऱ्या पत्र्यात कणसीमांचे, म्हणजे शेजारचे कण जिथे भिडतात त्या पृष्ठांचे, क्षेत्रफळ सुमारे चौपट भरते, आणि आपल्या प्रश्नाचे मूळ या सीमांमध्येच आहे.

सीमेवरच्या अणूंची मांडणी विस्कळीत व ऊर्जा अधिक असल्याने आम्लात ते आधी विरघळतात. साध्या पोलादाला प्रयोगशाळेत नायटल, म्हणजे अल्कोहोलमधील सौम्य नायट्रिक आम्ल, लावल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली कणांभोवती ज्या रेघा दिसतात त्या अशाच कुरतडलेल्या सीमा होत. यावरून बारीक कण वाईट असे वाटेल, आणि सौम्य सल्फ्युरिक आम्लासारख्या ज्या माध्यमात साध्या पोलादावर संरक्षक थर टिकतच नाही, तिथे पुष्कळदा तसा अनुभव येतोही.

उच्च तापमानाच्या वाफेत मात्र चित्र उलटते. तिथे कणसीमा हाच क्रोमियमला आतून पृष्ठभागाकडे येण्याचा जवळचा रस्ता असतो, त्यामुळे बारीक कणांच्या पोलादावर क्रोमियमयुक्त ऑक्साईडचा सलग थर लवकर बसतो. औष्णिक वीजकेंद्रांच्या सुपरहीटर नळ्यांसाठी (बॉयलरमधील वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांसाठी) टीपी ३४७ एचएफजी हे मुद्दाम बारीक कणांचे पोलाद वापरतात ते यासाठीच. मात्र साध्या तापमानाला क्रोमियमची ही हालचाल नगण्य असते, तेव्हा बॉयलरचा दाखला पाण्याच्या टाकीला लावू नये.

आपल्या पत्र्याला खरा धोका आहे तो वेल्डिंगचा. सुमारे ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात पोलाद रेंगाळले, तर कार्बन कणसीमांवर क्रोमियमशी संयोग पावून कार्बाईड बनवतो आणि सीमेलगतचा भाग गंज रोखणाऱ्या क्रोमियमला मुकतो. पुढे गंज तेवढीच फट धरून आत शिरतो. कण बारीक असल्यास तोच कार्बन अधिक सीमांवर विभागला जातो, हे खरे. परंतु कार्बनच्या प्रमाणापुढे हा लाभ मला किरकोळ वाटतो. जाड पत्र्याचे वेल्डिंग करायचे असेल, तर ग्रेन साइजवर घासाघीस करण्याऐवजी ०.०३ टक्क्यांहून अधिक कार्बन नसलेला ३०४ एल मागवावा आणि वेल्डनंतर उमटलेला रंग पिकलिंगने, म्हणजे आम्लाने साफ करून, काढून टाकावा.

पत्र्याचे खोल ओढकाम (साच्यात दाबून भांड्यासारखा खोल आकार देणे) करणार असाल, तर ९ क्रमांकाचाच घ्यावा. मोठ्या कणांचा पत्रा ताणला की पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो, आणि त्या खळग्यांत मीठ व मळ साचून खड्ड्यांच्या गंजाला जागा मिळते.