वाचकांचे प्रश्न : नवी फिशटँक आणि घरचं पाणी

प्रश्न : दोन फुटी टाकी आणली. नळाचं पाणी भरून एक दिवस तसंच ठेवलं, मग आठ गप्पी आणि चार मॉली सोडले. आठवडाभर ठीक होतं. आता मासे वर येऊन तोंड मारताहेत, दोन मेले. पाण्यात क्लोरीन राहिला असेल का?
– वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : क्लोरीनचा त्रास पहिल्या काही तासांतच दिसतो. आठवड्याने मासे असे वर आले तर पहिला संशय अमोनियावर घ्यायचा. तो विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पाणी दिवसभर ठेवल्याने क्लोरीन उडतो, पण जिवाणू येत नाहीत. त्यात पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) जास्त असला की अमोनिया जास्त विषारी होतो. पाणी ३० अंशांवर आणि पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम १ टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८.२ झाला की तोच हिस्सा ११ टक्क्यांवर जातो.

आजपासून दोन दिवस खाद्य बंद. अमोनियाचं टेस्ट किट आणा आणि रीडिंग लिटरमागे ०.२५ मिलिग्रॅमच्या वर आहे तोवर रोज एक तृतीयांश पाणी बदला. फिल्टर रात्रीही चालू हवा. स्पंज नळाखाली मुळीच धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

नळ आला की तेच पाणी सरळ टाकीत ओतू नये. बादलीत एअरपंप लावून चोवीस तास ठेवा. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट : १० ग्रॅम खडे पाण्यात विरघळवून एकूण १०० मिली करा आणि दर १० लिटरला १ मिली घाला. एवढ्याने लिटरमागे १ मिलिग्रॅमहून थोडा जास्त क्लोरीन निघून जातो. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी तापलेलं असतं, तेही घरात आणून निवू द्या.

पुढची टाकी मात्र मासे न सोडता तयार करा. जिवाणूंना खाद्य म्हणून ५० लिटरला ०.३ ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड घातलं की अमोनिया लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम होतो. कल्हईचा नवसागर म्हणजेही अमोनियम क्लोराइडच, पण तो नको, त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. एवढा अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसलं, की टाकीतलं बरंचसं पाणी बदलून मासे आणा.

प्रश्न : बोअरच्या पाण्याचा पीएच ८.२ आहे. पीएच कमी करायचे थेंब घातले की ७ होतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा ८. काचेवर पांढरा थरही बसतो.
– वाचक, होटगी रोड

उत्तर : थेंब बंद करा. तुमच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर आहे. ते आम्ल गिळून टाकतं आणि पीएच जागेवर येतो. गिझरच्या कॉइलवर चढतो तोच हा थर. माशांना पीएच ८.२ पेक्षा रोजची ही चढउतार जास्त बाधते.

अशा पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी, गोल्डफिश छान राहतात. निऑन टेट्रा किंवा डिस्कसच हवे असतील तर आरओचं पाणी मिसळा. कठीणपणा, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, लिटरमागे ४५० मिलिग्रॅम असेल आणि १५० हवा असेल, तर एक भाग बोअर, दोन भाग आरओ. कठीणपणा किटनेच मोजा. टीडीएस पेन एकूण क्षार दाखवतं, त्यात कॅल्शियम किती हे कळत नाही.

प्रश्न : मग फक्त आरओचं पाणी चालेल?
– वाचक, विजापूर रोड

उत्तर : नुसतं नको. त्यात बायकार्बोनेट जवळपास नसतं. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना आम्ल तयार होतं आणि ते थोपवायला काही नसल्याने पीएच अचानक ६ च्याही खाली घसरू शकतो. तेव्हा जिवाणूंचं कामही मंदावतं. आणि आरओच्या बाजूच्या नळीतून वाया जाणारं पाणी टाकीत वापरू नका. क्षार त्यातच साठलेले असतात.