'एबनी' बंद पडलं का?

प्रश्न : शिकागोचा माझा भाचा म्हणतो, कृष्णवर्णीयांचं 'एबनी' मासिक बुडालं. मला तर ते मोबाइलवर दिसतं. खरं काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोघंही बरोबर आहात. जॉन जॉन्सन यांनी १९४२मध्ये आईचं फर्निचर गहाण टाकून ५०० डॉलर उभे केले आणि प्रकाशन थाटलं. 'एबनी' १९४५चं, त्याच कंपनीचं साप्ताहिक 'जेट' १९५१चं. १९५५मध्ये एमेट टिल या गोऱ्यांनी खून केलेल्या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय पोराचा विद्रूप चेहरा 'जेट'नं छापला. माझी हिंमत झाली असती का, शंकाच आहे. १९५७-५८मध्ये 'एबनी'तलं वाचकांच्या प्रश्नांचं सदर कोण लिहायचं ठाऊक आहे? मार्टिन ल्यूथर किंग! घरगुती कुरबुरींनाही उत्तरं द्यायचे. आम्ही सदरवाले उगाच मिरवतो.

पुढे जाहिराती इंटरनेटकडे वळल्या. 'जेट'ची छपाई २०१४मध्ये थांबली, 'एबनी' २०१६मध्ये विकलं गेलं, मूळ कंपनीचं २०१९मध्ये दिवाळं वाजलं. तिचा फोटोसंग्रह काही प्रतिष्ठानांनी ३ कोटी डॉलरला घेतला. 'एबनी' मात्र माजी बास्केटबॉलपटू युलिसिस ब्रिजमन यांना २०२०मध्ये १ कोटी ४० लाख डॉलरला मिळालं. म्हणजे जुने फोटो चालत्या नावापेक्षा दुपटीनं महाग! २०२१पासून ते डिजिटल निघतं, तेच तुम्ही पाहता.