हेपरिन वाढवण्याआधी छाती बघ

प्रिय डॉक्टर,

कोविड किंवा फ्लूचा, ऑक्सिजनवर स्थिर असलेला रुग्ण अचानक धापा टाकू लागला की आपल्या मनात पहिला संशय फुफ्फुसातल्या रक्ताच्या गुठळीचा येतो. बहुतेकदा तो रास्तही असतो. पण क्वचित फुफ्फुसाच्या आवरणात रक्त साचतं (हिमोथोरॅक्स), आणि तेव्हा नुसत्या संशयावर हेपरिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा, डोस वाढवला तर रुग्ण हातचा जातो. जोराच्या खोकल्याने बरगड्यांमधली किंवा चिकटलेल्या आवरणातली बारीक रक्तवाहिनी फाटते, आणि हेपरिनमुळे ती वाहतच राहते.

नाडी वाढतेय, बीपी उतरतंय, एका बाजूला ठोकल्यावर बद्द आवाज येतोय? मग हिमोग्लोबिन नॉर्मल आलं म्हणून गाफील राहू नकोस, ते उतरायला काही तास लागतात. आडव्या रुग्णाच्या एक्स-रेत रक्त पाठीमागे पसरून नुसती धूसर छटा दिसते, न्यूमोनियात ती सहज खपून जाते. सोनोग्राफीचा प्रोब बेडपाशीच लाव.

सुईत लाल पाणी आलं एवढ्यावर निदान मात्र नको. हिमॅटोक्रिट, म्हणजे लाल पेशींचं प्रमाण, जेमतेम ५ टक्के असला तरी द्रव रक्तासारखाच दिसतो. नमुना ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या), जांभळ्या झाकणाच्या बाटलीत पाठव आणि त्याच वेळी रुग्णाचं रक्तही. रक्ताचा हिमॅटोक्रिट ३६ आणि द्रवाचा १८ किंवा जास्त, म्हणजे निम्मा भरला, तर हिमोथोरॅक्स.

हेपरिन लगेच थांबव. गेल्या दोन-तीन तासांत शिरेतून गेलेल्या दर १०० युनिटला १ मिग्रॅ प्रोटामिन (हेपरिनचा उतारा), सावकाश, एका वेळी ५० मिग्रॅच्या वर नाही. एनॉक्सापरिनवर, म्हणजे त्वचेखाली देण्याच्या हेपरिनवर, त्याचा असर अर्धवटच होतो. क्रॉसमॅच (रक्तजुळणी) पाठवून मगच आयसीडी, म्हणजे छातीतलं रक्त काढायची नळी, घाल, २८ ते ३२ फ्रेंच जाडीची. बारीक नळी गुठळीने तुंबते. सुरुवातीलाच १५०० मिली निघालं, किंवा ताशी २०० मिली दोन-चार तास येत राहिलं, तर सर्जनला बोलवायला एक मिनिटही दवडू नकोस. रुग्ण तग धरून असेल तर सीटी अँजिओग्राफीत वाहणारी धमनी सापडते, ती एम्बोलायझेशनने, म्हणजे आतून बुजवून, बंद करता येते.

ड्रेन एकदम थांबला तर खूश होऊ नकोस. नळीतलं पाणी श्वासाबरोबर हलतंय का बघ, पुन्हा प्रोब लाव. गुठळ्या आत राहिल्या तर पू होतो, फुफ्फुस जखडतं. दुर्बिणीने त्या पहिल्या आठवड्यातच काढलेल्या बऱ्या.

हेपरिन परत सुरू करायचा निर्णय एकट्याने घेऊ नकोस. ते द्यायचं ठरलं तर एनॉक्सापरिनऐवजी शिरेतून, बोलस (सुरुवातीचा एकदम मोठा डोस) न देता दे, म्हणजे पुन्हा रक्त दिसताच थांबवता येईल.