गायरानात गुरं जास्त झाली की गवत फक्त कमी होतं, की बदलतंही?

बदलतं, आणि तेच जास्त महागात पडतं. मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगररांगेच्या माळावर बघा. गुरं आधी पवना, मारवेल शोधून खातात. ही बहुवर्षायू गवतं बी धरायच्या आत सारखी खुडली गेली की मुळं खंगतात. मग कुसळी गवताचं फावतं, कुसळं आली की गुरं ते टाळतात. त्याहून ताण वाढला की एका पावसाळ्यापुरती जगणारी बारकी गवतं आणि तरवडाची झुडपं उरतात, कारण तरवडाला शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही. पावसाळ्यात माळ हिरवाच दिसतो, म्हणून कुणाला खटकत नाही. पण खुरांनी जमीन घट्ट झालेली असते, पाणी मुरत नाही, वरची माती ओढ्याला जाते.

जर्मनीत २००६ पासून १५० कुरणांच्या तुकड्यांवर खत, कापणी आणि चराई मिळून ताण मोजतात. तिथे दिसलं ते असं: ताण वाढला की वेगवेगळ्या कुरणांत वनस्पती-किड्यांच्या त्याच त्या जाती दिसू लागतात. आपल्याकडे खत-कापणीचा प्रश्न फारसा नाही, चराईचाच.

चराई कायमची बंद करू नका, वाळलं गवत साचून नवे फुटवे दबतात. गायरानाचे भाग पाडा, एक भाग दसरा-दिवाळीपर्यंत, बी पडेस्तोवर राखा. ग्रामसभेत ठरलं तरच टिकतं, हेही खरं.