हँक मोब्लीचा 'सोल स्टेशन': गोड आहे, पण एवढं काय त्यात?

तुम्ही म्हणताय की जो तो टेनर सॅक्सोफोनवाल्या हँक मोब्लीचा 'सोल स्टेशन' हा जॅझ अल्बम ऐक म्हणतो म्हणून दोनदा ऐकला, गोड वाटला, पण कॉफी शॉपमध्ये मागे काहीतरी चालू असतं ना तसला. खरं सांगू, मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं, कारण तेव्हा मी जॉन कोल्ट्रेनच्या (तोही टेनरवालाच) नादात होतो आणि टेनर सॅक्सोफोन म्हणजे अंगावर आलाच पाहिजे असं डोक्यात बसलेलं. त्यात मोब्लीला टेनरचा 'मिडलवेट चॅम्पियन' म्हटलेलं कुठेतरी वाचलं आणि मला वाटलं, म्हणजे दुसऱ्या नंबरचा. तसं नाहीये ते, तसं म्हणणाऱ्या जॅझ समीक्षक लेनर्ड फेदरला आवाजाचं वजन सांगायचं होतं, ना जाड ना बारीक. मोब्ली स्वतः त्याला गोल आवाज म्हणायचा.

आता एक करा, हेडफोन लावून अल्बममधलं 'धिस आय डिग ऑफ यू' ऐका आणि सॅक्सोफोन सोडून आर्ट ब्लेकीच्या ड्रम्सवर कान ठेवा. आधी विंटन केली पियानोवर सोलो घेतो (तो सोलोच वसूल आहे), मग मोब्ली येतो, ब्लेकी मागून सारखा ढोसतोय, चल चल करतोय, आणि हा पठ्ठ्या काडीची घाई करत नाही, लयीच्या केसभर मागे रेलून बसतो, ओळ लांबवतो आणि बरोबर जागेवर आणून ठेवतो. विलंबित ऐकायची सवय असेल तर ती मजा लगेच कळेल, फक्त इथे लय चांगली पळती आहे. पॉल चेंबर्सचा बास खाली इतका पक्का की बाकीच्यांना चिंताच नाही.

'रिमेंबर'ही तसंच, मूळ गीतकार-संगीतकार अर्व्हिंग बर्लिनचं १९२५चं वॉल्ट्झ, म्हणजे तीनचा हिशोब, यांनी ते चारात घेतलंय आणि आता मला मूळचंच चुकीचं वाटतं. 'स्प्लिट फीलिन्स' मला तितकंसं भावत नाही, असो.

हे रेकॉर्डिंग ७ फेब्रुवारी १९६० चं. त्याच वर्षी नोव्हेंबरात हेच चौघं आणि ट्रम्पेटवर फ्रेडी हबर्ड असा 'रोल कॉल' हा अल्बम झाला, तो यानंतर लगेच लावा. भारी आहे, जोरकस आहे, पण ट्रम्पेट आला की मोब्लीला त्याच्यासोबत उठावंच लागतं. 'सोल स्टेशन'मध्ये दुसरा हॉर्नच (फुंकून वाजवायचं वाद्य) नाही, त्यामुळे त्याला आवाज चढवायची गरजच पडत नाही, आणि मला वाटतं तुम्हाला कॉफी शॉप वाटलं ते यामुळेच.