रोज घालायचं भारी घड्याळ: टँक घेऊ की दुसरं काही?

प्रश्न: ताई, या वर्षी स्वतःसाठी एक भारीतलं घड्याळ घ्यायचंय, त्यासाठी बरेच दिवस पैसे बाजूला टाकत आलेय. ठाण्याहून लोकलने फोर्टला ऑफिसला जाते, ओट्यापाशी सगळं माझ्याकडेच, हातात बांगड्या कायम. कार्टिएचं टँक मनात भरलंय पण बहीण म्हणते ते कपाटातच पडून राहील, रोलेक्स नाहीतर ओमेगा घे. मला रोज हातात हवंय हो, काय करू?

उत्तर: टँक मनात भरणारच! लुई कार्टिएने १९१७ मध्ये रणगाड्याचा वरून दिसणारा आकार घेऊन ते केलं आणि आजही ते साडीवर, कुर्त्यावर, कशावरही शोभतं, शिवाय पातळ असल्यामुळे बाहीखाली जातं, लोकलच्या गर्दीत हे फार कामाचं.

पण तुमचा खरा प्रश्न पाण्याचा आहे. टँक मस्टवर (टँकचंच स्टीलमधलं मॉडेल) ३० मीटर लिहिलेलं असतं, म्हणजे ते घालून ३० मीटर खोल जाता येतं असं अजिबात नाही, ती लॅबमधली टेस्ट असते, प्रत्यक्षात हात धुताना शिंतोडे उडाले किंवा पावसाचे चार थेंब पडले तर चालतं एवढंच धरा. आणि साबण नि गरम वाफ तर आतल्या रबरी सीलची वाट लावतात, त्यामुळे भांडी घासताना आणि अंघोळीला ते काढावंच लागेल. रोलेक्सच्या लेडी डेटजस्टला १०० मीटर आहे, वेळ लावायची बाजूची चावी स्क्रूने घट्ट बसते. ओमेगाच्या ३४ मिलिमीटरच्या अ‍ॅक्वा टेराला १५० मीटर, आणि ते १५,००० गॉसपर्यंत (गॉस म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) चुंबकाला दाद देत नाही. पर्सच्या बटणात, मोबाइलच्या कव्हरमध्ये सगळीकडे चुंबक असतं आणि साध्या ऑटोमॅटिकचा (हाताच्या हालचालीवर चालणाऱ्या घड्याळाचा) टाइम त्याने बिघडू शकतो, म्हणून याला मी बराच भाव देते.

बांगड्यांचं म्हणाल तर घड्याळ दुसऱ्या हातात घाला, नाहीतर स्टीलवर चरे पडणारच, सोन्याच्या केसवर (घड्याळाच्या डबीवर) तर आणखी लवकर. नीलमण्याच्या (सफायर) काचेला सोन्याच्या बांगडीने काही होत नाही पण हिऱ्याच्या बांगडीने ओरखडा उठतो बरं का. चामड्याचा पट्टाही नको, मुंबईच्या घामात तो टिकत नाही.

तर घरी येताच घड्याळ काढून ठेवायची सवय असेल तर बिनधास्त टँकच घ्या, स्टीलच्या ब्रेसलेटचं, सेलवर चालणारं, सुट्टीत दोन-तीन दिवस पडून राहिलं तरी बंद पडत नाही (लेडी डेटजस्ट ऑटोमॅटिक, हातातून काढल्यावर साधारण ५५ तासांनी थांबतं), फक्त सेल बदलताना पाण्याची प्रेशर टेस्ट करून घ्यायची. तशी सवय नसेल तर बहिणीचं ऐका, आणि त्यातही माझं मत अ‍ॅक्वा टेराला. दुकानात नुसतं आरशात पाहू नका, हातात घालून मूठ आवळा, मनगट वाकवा, टाइप केल्यासारखं करा, चावी हाताला टोचली तर ते रोज घालणं होणार नाही. बिल आणि वॉरंटी कार्ड अधिकृत डीलरकडूनच घ्या, कार्डावरचा नंबर घड्याळाशी जुळवून तिथेच बघा.